चार चाकांचे ब्रेक: सळ्यांचे की द्रवाचे?

पुढच्या चाकांना ब्रेक लावले तर गाडी घसरेल किंवा उलटेल, अशी भीती 1920 च्या सुमारास अनेकांना वाटत होती. प्रत्यक्षात ब्रेक दाबताच गाडीचा भार पुढे येत असल्याने खरी पकड तिथेच मिळते. 1919 च्या हिस्पानो-सुइझा एच6 या गाडीने ती पेडलचा जोर चाकांपर्यंत नेणाऱ्या सळ्या आणि गिअरबॉक्सवर चालणाऱ्या सर्व्होच्या (पायाचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेच्या) मदतीने साधली. सळ्यांची रचना डोळ्यांना दिसते आणि पान्याने जुळवता येते. पण चारही चाकांवरचा ताण सारखा राखणे जिकिरीचे असते, आणि एका बाजूचा ब्रेक जरा आधी लागला तरी गाडी तिकडे ओढली जाते.

द्रवाचा दाब मात्र सर्व नळ्यांत आपोआप सारखा पोहोचतो. 1921 ची फ्रेंच ग्रां प्री हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) ब्रेक असलेल्या ड्युसेनबर्ग गाडीनेच जिंकली. लॉकहीड या हायड्रॉलिक ब्रेकच्या मूळ रचनेतील द्रव अडवणाऱ्या चामड्याच्या वाट्या गळत असत; क्रायस्लरच्या अभियंत्यांनी त्या जागी रबरी वाट्या बसवल्या आणि 1924 मध्ये हे ब्रेक तुलनेने आवाक्यातल्या गाडीत आणले. एक नळी फुटली की चारही ब्रेक निकामी, हा सळ्यांच्या बाजूने होणारा युक्तिवाद त्या काळी खराच होता, आणि फोर्डने 1938 च्या मॉडेलपर्यंत सळ्या-तारा सोडल्या नाहीत. तरीही ओल्या उतारावर गाडी सरळ रेषेत थांबवायची असेल, तर माझी पसंती द्रवालाच राहील.