एसटीने कॉलेजला जाणाऱ्या मुलांसाठी काय घ्यावं: लिमिटवाला हेडफोन की नॉइज कॅन्सलिंग इअरबड?

मुलगी अकरावीला गेली आणि तासगाव-सांगली एसटीचा रोजचा प्रवास सुरू झाला. जाता-येता ती क्लासची रेकॉर्ड केलेली लेक्चरं ऐकते. दिवाळीनंतर एका रात्री म्हणाली, "पप्पा, कानात शिट्टी वाजल्यागत होतंय." सकाळपर्यंत थांबलं, पण माझी झोप उडाली. साधा वायरचा इअरफोन त्याच दिवशी काढून घेतला.

आधी आणला डोक्यावरचा हेडफोन, 85 डेसिबलच्या वर आवाज न जाणारा. बापाच्या मनाला लगेच पटावी अशी वस्तू. घरात तो खरोखर चांगला आहे. गाडीत मात्र आठवडाभरात तक्रार आली, "सरांचं काहीच ऐकू येईना." विश्वास बसेना म्हणून एक दिवस मीच तो लावून मागच्या चाकावरच्या सीटवर बसलो. इंजिनाची घरघर, काचांचा खडखडाट, त्यात सरांचा आवाज पार बुडालेला. व्हॉल्यूम फुल्ल केला तेव्हा कुठे शब्द लागायला लागले. म्हणजे पोरगी सगळा प्रवास त्या लिमिटला टेकूनच ऐकत होती.

मला खटकलं ते हेच. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा 75 डेसिबल आहे, तीही आठवड्याला 40 तास. पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. 84 ला पोचेपर्यंत हातात 5 तास उरतात. आमचा नुसता प्रवासच आठवड्याला 9 तासांचा. आतल्या कानातल्या केसपेशी, म्हणजे आवाज टिपणाऱ्या बारीक पेशी, एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, मग मी चालढकल कशाला करू?

म्हणून नॉइज कॅन्सलिंग, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणारे, इअरबड घेतले. त्यांनी इंजिनाची घरघर बरीच दबते. शेजारच्या गप्पा ऐकू येतात, तेवढं चालतं. आता तिचा व्हॉल्यूम पंधरापैकी सहावर असतो. डेसिबल मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही, पण त्याच सीटवर बसून मीही ऐकलंय, सहावर शब्द न् शब्द कळतो.

कुरबुरी यांच्याही आहेत. मधल्या मापाचं रबर तिच्या कानात नीट शिरत नव्हतं, फट राहायची आणि पुन्हा आवाज वाढायचा. लहान माप लावल्यावर बसलं. यांना स्वतःचं लिमिट नाही, म्हणून ते फोनच्या सेटिंगमध्ये पिन नंबर टाकून लावलं. आणि सांगलीत विश्रामबागला उतरताना दोन्ही कानांतून काढायचे, हे तिच्याकडून कबूल करून घेतलंय.

मूल घरीच बसून ऐकत असेल तर हेडफोन पुरेसा वाटतो. आमचा पाचवीतला तोच वापरतो. एसटीसाठी मात्र मी पुन्हा इअरबडच घेईन.

कानातली शिट्टी दुसऱ्या दिवशीही राहिली तर खरेदी बाजूला ठेवा आणि आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. आम्ही मिरजेत करून आलो. रिपोर्ट नॉर्मल आला.