एसआरएच्या खोलीत ९ इंची एक्झॉस्ट फॅन: घ्यावा की नाही

आधी रूम कशी आहे ते सांगतो, नाहीतर हा रिव्ह्यू वाचून काही उपयोग नाही. एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातली बिल्डिंग, दुसरा मजला, २६९ स्क्वेअर फूट, किचनची खिडकी डक्टमध्ये, म्हणजे दोन बिल्डिंगमधल्या पाइपांच्या अरुंद फटीत, आणि हॉलची समोरच्या विंगकडे, समोरच्यांच्या टीव्हीवर कुठली सिरीयल चालूये ते आमच्याकडून दिसतं. भर दुपारीपण ट्यूब लावूनच बसायचं.

फॅन मेटल बॉडीचा, मागे झडपा आहेत, चालू केला की उघडतात. साधारण दीड हजार गेले, काच कापून बसवायचे वेगळे. आवाज आहे, कुकरची शिट्टी ऐकू येत नाही कधी कधी, पण मिरचीच्या फोडणीचा ठसका आता हॉलमध्ये येत नाही आणि भिंतीवर तेलकट थर बसायचा तोही कमी झालाय. दुकानदार ६ इंची गळ्यात मारायला बघतात, तो बाथरूमला ठीक, गॅसच्या वर नको.

आता कोणी सांगत नाही ते. फॅन हवा नुसती बाहेर फेकतो, तेवढीच हवा कुठून तरी आत यायला पाहिजे ना! सगळं बंद करून फॅन लावला की तो बाथरूमच्या खिडकीतून डक्टचा वास आत ओढतो, ड्रेनेज आणि कबुतरं सगळं घरात. म्हणून बाथरूमचं दार लावायचं आणि हॉलची खिडकी उघडी ठेवायची. फॅनच्या बाजूचीच खिडकी उघडी असेल तर हवा तिथूनच येऊन तिथूनच जाते, धूर आपला घरातच.

आणि जातो कुठे तर डक्टमध्येच. तिथे वारा नाहीच, मग आमचा बोंबील वरच्या काकूंकडे आणि खालच्यांची अगरबत्ती आमच्याकडे. यात फॅनची काही चूक नाहीये, दोन बिल्डिंगमध्ये जागाच सोडली नाही त्याला फॅन काय करणार. गोवंडी-मानखुर्दच्या लल्लुभाई कंपाउंड, नटवर पारेख आणि पीएमजीपी या तीन पुनर्वसन वसाहतींचा २०१८ मध्ये अभ्यास आला होता, डॉक्टर्स फॉर यू ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या लोकांनी केलेला. पहिल्या दोन ठिकाणी बिल्डिंगा एकमेकींना खेटून, खालच्या मजल्यांवर ऊन-वारा पोचतच नाही, आणि टीबी तिथेच जास्त निघाला, पीएमजीपीत मोकळी जागा बरी आहे तर तिथे बराच कमी. बंद खोलीत टीबीचे जंतू हवेत तरंगत राहतात, हवा बदलली की कमी होतात, एवढं साधं आहे. सरकारने खोली २२५ ची २६९ केली, २०१८ ला ३०० केली, चांगलंच आहे, पण चौरस फूट कागदावर दाखवता येतात, खिडकीतून वारा किती येतो ते ताबा देताना कोण बघतं? हवेचं मग रहिवाशांनी आपल्या खिशातून बघायचं, वर लाईटबिल आहेच.

घ्या, नक्की घ्या, त्यातून घरात कोणाला दमा असेल तर थांबू नका. डासांची कॉइल लावत असाल तर तेव्हा पण खिडकी बंद ठेवू नका. ५ पैकी ४ स्टार, एक कापला कारण झडपांना तेल चिकटतं आणि त्या अर्ध्या उघड्या राहतात, मग फॅन बंद असला की डक्टचा वास उलटा आत. प्लग काढून सोड्याच्या गरम पाण्याने झडपा पुसा, मोटरला पाणी लागू देऊ नका.