रात्रीच्या विमानाआधी महिपालपूरला थांबावं का?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या ओळखीच्या बहुतेक मराठी घरांतलं कुणी ना कुणी आता परदेशी आहे, आणि त्यांना पोचवायला आपल्याला दिल्लीच गाठावी लागते. आमच्या इथल्या महाराजपुऱ्याच्या विमानतळावर २०२४ मध्ये नवं टर्मिनल झालं, पण टोरंटोचं विमान तिथून सुटत नाही. दिल्लीहून सुटणारी लांबची विमानं बहुतेक मध्यरात्रीनंतरची. म्हणजे दिवसभर कुठेतरी पाठ टेकायला जागा हवी. माझं मत आधीच सांगते: घरातलं वयस्क माणूस जाणार असेल आणि सोडायला चार-पाच जण असतील, तर दिल्ली विमानतळाला लागून असलेल्या महिपालपूरलाच खोली घ्या. फक्त आधी फोनवर नीट चौकशी करा.

महामार्गाच्या एका अंगाला एरोसिटी आहे. तिथली मोठमोठी हॉटेलं चकचकीत आहेत, पण एका रात्रीच्या भाड्यात आपलं सगळ्यांचं जाण्यायेण्याचं तिकीट निघतं, आणि पाच जण एका खोलीत बसलेले तिथे कुणाला रुचत नाहीत. दुसऱ्या अंगाला महिपालपूर. हे मुळातलं गाव. महिपाल तोमर राजाने वसवलं असं सांगतात, म्हणून मानसिंह तोमराच्या किल्ल्याखाली वाढलेल्या आम्हाला ते थोडं नात्यातलं वाटतं. इथे फिरोजशहा तुघलकाच्या काळातला शिकारीचा महाल आहे. विमानतळाची तिसरी धावपट्टी २००८ मध्ये सुरू झाली, ४,४३० मीटर लांबीची, आणि २०१० मध्ये टर्मिनल ३ उघडलं. आज या गावातली जवळजवळ प्रत्येक गल्ली प्रवाशांवर चालते. खाली रिसेप्शन, वर खोल्या, सगळ्यात वर मालकाचं बिऱ्हाड आणि गच्चीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींच्या रांगा. शेजारच्या नांगल देवतच्या लोकांच्या नशिबी हेही आलं नाही. ते गावच विमानतळासाठी उठलं आणि लोकांना वसंत कुंजच्या बाजूला हलवलं. स्वस्त खोली मिळाली म्हणून आपण खूश होतो, तेव्हा ही गोष्ट माहीत असावी असं मला फार वाटतं.

आमच्या सासूबाई, वय ७६, नणंदेकडे पहिल्यांदाच एकट्या निघाल्या होत्या. आम्ही सकाळची वंदे भारत पकडून दुपारी निजामुद्दीनला उतरलो आणि तिथून टॅक्सी केली. संध्याकाळच्या गाडीने जाऊ नका. सहा ते नऊ महिपालपूरच्या चौकात गाड्या नुसत्या उभ्या असतात.

खोली दोन हजारांच्या आत मिळाली, रात्री अकरापर्यंत. चादर स्वच्छ, गरम पाणी होतं, संडास कमोडचा. लिफ्ट मात्र इतकी अरुंद की बॅगा वेगळ्या आणि माणसं वेगळी न्यावी लागली. या गल्लीतल्या दुसऱ्या एका हॉटेलात आमचे भाऊजी मागे उतरले होते. त्यांना तळघरातली बिनखिडकीची खोली दिली आणि ‘फ्री पिकअप’ म्हणून सांगितलेल्या गाडीचे पैसे निघताना बिलात लावले. म्हणून बुकिंग करताना खिडकी आहे का, कोणता मजला, गाडी टर्मिनल ३ पर्यंत नक्की फुकट का, हे तिन्ही विचारा आणि उत्तर मोबाइलवर लिहून मागा.

मला खरं कौतुक करायचं आहे ते रिसेप्शनवरच्या वजनकाट्याचं आणि तिथल्या मुलाचं. सासूबाईंची मोठी बॅग भरली २५ किलो ४००, मर्यादा २३ किलोची. त्यात काळा मसाला, मेतकूट, दोन पातळं, नातीसाठी स्वेटर आणि मुरैन्याच्या गजकचे डबे. आई एकही वस्तू काढू देईनात. त्या मुलाने बॅग जमिनीवर आडवी घातली, स्वतः गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “माताजी, गजक हाथ में ले जाइए, मसाला नीचे रहने दीजिए.” डबे हातातल्या पिशवीत गेले, स्वेटर आईंच्या अंगावर चढलं. पुन्हा काटा, पुन्हा थोडी काढाकाढ, असं करत २२ किलो ९०० वर आणून ठेवलं. हेच विमानतळाच्या काउंटरवर झालं असतं तर मागे रांग खोळंबली असती आणि आईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

या उलथापालथीत बॅगेची चेन उसवली. कोपऱ्यावर बॅगा विकणारं आणि दुरुस्त करणारं दुकान आहे. त्याने चेन बदलली नाही. पकडीने रनरच्या दोन्ही कडा हलकेच दाबल्या, दातांवरून मेणबत्तीचा तुकडा फिरवला, चार वेळा उघडमीट करून दाखवली आणि पन्नास रुपये घेतले. नवी बॅग गळ्यात मारणं त्याला सहज जमलं असतं.

जेवणाचं ठीक. सगळीकडे पनीर आणि तंदुरी. पण सांगितलं तर बिनकांद्याची मुगाची खिचडी करून देतात, वर तूपही विचारून घालतात. आईंनी ती पोटभर खाल्ली, यात सगळं आलं.

आता आवाज. वारा पश्चिमेचा असला की विमानं उतरताना याच बाजूने येतात, खिडकीची काच थरथरते. शेजारच्या वसंत कुंजमधले रहिवासी याच आवाजाविरुद्ध तक्रारी करत आलेत, ते उगाच नाही. दुपारी झोप लागेल या आशेवर राहू नका, कानात कापूस ठेवा. आमच्या भाच्याला मात्र तीच मजा. त्याला संध्याकाळी रंगपुरीच्या महामार्गालगतची मोठी शिवमूर्ती दाखवली. तिच्या उंचीमुळे उतरणाऱ्या विमानांना धावपट्टीच्या अगदी टोकाशी टेकता येत नाही, टेकण्याची जागा आत सरकवावी लागली आहे. महादेवासाठी एवढं मोठं यंत्र पुढे जाऊन टेकतं, हे ऐकून आईंनी हात जोडले. वेळ असेल तर सुलतान घारीही जवळच आहे. इल्तुतमिशने आपल्या मुलासाठी १२३१ मध्ये बांधलेली ही कबर, आणि गुरुवारी तिथे हिंदू-मुसलमान दोघेही दिवा लावायला येतात.

रात्री गाडी वेळेवर आली. अंतर फार नाही, पण महामार्गावरचा वळसा धरून अर्धा तास हाताशी ठेवा. व्हीलचेअर विमान कंपनीला आधीच कळवून ठेवावी लागते, दारात मागून चालत नाही. आमची कळवलेली होती. ती आली तेव्हा आईंनी गजकची पिशवी कुणाच्याही हातात न देता मांडीवर घेतली.

आम्ही खोलीचे जास्तीचे पैसे भरून पहाटेपर्यंत तिथेच पडलो, कारण एअरपोर्ट मेट्रो मध्यरात्री बंद असते. सकाळी ऑटोने एरोसिटी स्टेशन, तिथून वीसेक मिनिटांत नवी दिल्ली. बाहेर पडलात की अजमेरी गेटची बाजू समोरच. टॅक्सीपेक्षा हे कितीतरी सोपं आहे.

डिसेंबर-जानेवारीत जाणार असाल तर खोली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतची घ्या. धुक्याने विमानं अडकली की गल्लीतल्या सगळ्या खोल्या तासाभरात भरतात आणि भावही चढतो. आई मार्चमध्ये परत येतील, विमान पहाटेचं आहे. त्याच मुलाला फोन करून पहिल्या मजल्यावरची, खिडकीची खोली सांगून ठेवली आहे.