बिल्टीवर १४ किलो लिहिलं होतं, तरी मी पैसे पाठवले

देवगडात हापूसच्या मोसमात पॅकिंग रात्रभर चालतं. फळावरचा बारीक डाग दिसायला पांढरा भक्क उजेड लागतो. बाजारातले स्वस्त फ्लडलाइट खाऱ्या हवेत लवकर कुजतात, म्हणून मी १०० वॅटच्या सीओबी एलईडी (एकाच पट्टीवर दाटीने बसवलेले बारीक दिवे), त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर आणि उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंक सुटे आणून लाइट स्वतः बांधून देतो. पाच वर्षं हेच करतोय. तेव्हा "तुला कळलं कसं नाही?" असं विचारू नका. मला कळत होतं, म्हणूनच इतकं झोंबतंय.

हे सुटे भाग विकणाऱ्याचा नंबर ओळखीतल्यानेच दिला होता. सेट १,४५० रुपये. मी आधी २,९०० भरून दोन नमुने मागवले. अस्सल माल! ॲल्युमिनियमचा जाड हीटसिंक, वाण्याच्या काट्यावर १ किलो ८०० ग्रॅम. चार तास सलग लावून ठेवला, उजेड जराही उतरला नाही. मग २० सेटची ऑर्डर दिली: २९,००० रुपये, त्यातले १२,००० आगाऊ. नमुना चांगला आला म्हणजे पुढचा मालही तसाच येतो, हे कोणीही धरून चाललं असतं.

बाकीचे १७,००० बिल्टीचा, म्हणजे माल ट्रान्सपोर्टला दिल्याच्या पावतीचा, फोटो आल्यावर द्यायचे ठरलं होतं. फोटो रात्री नऊ वाजता आला. मी शेडच्या वाशावर चढून वायर ओढत होतो, खाली बागायतदार घाई करत होते. नग १, गाव बरोबर, नाव बरोबर, एवढं बघितलं आणि पैसे सोडले. त्याच फोटोत वजन लिहिलं होतं, १४ किलो. वीस हीटसिंकच ३६ किलोचे व्हायला हवेत! पाचवीतला मुलगा हा गुणाकार करेल. तो फोटो मी नंतर किती वेळा उघडून बघितला असेन.

भाडं ७८० देऊन खोकं सोडवलं. हलकं लागलं म्हणून फोन केला, तर "नवीन डिझाइन आहे दादा, पोकळ फिन, जास्त गार राहतं." हे साफ खोटं. एलईडीची उष्णता मागच्या बाजूने धातूतूनच बाहेर पडते. धातूच नसेल तर ती जाणार कुठे? पण आंब्याची गाडी वाशीला सुटायची होती, बांधले आणि लावले. अर्ध्या तासात एलईडीवरचा पिवळा थर मधोमध काळा पडला. बागायतदार ओरडले, "अरे, ह्यो धूर कसलो येता?" सगळ्यांसमोर मान खाली घालून लाइट उतरवले. घरी आणून हीटसिंकला लोहचुंबक लावला, तर चिकटला. रंग मारलेला लोखंडी पत्रा! मीटरवर ३४ व्होल्ट, १.१ अँपिअर, म्हणजे १०० वॅटच्या नावाखाली जेमतेम ३७. खिशात चुंबक ठेवा. पार्सल उघडतानाचा व्हिडिओ काढा, मी काढला नव्हता.

लाजेपोटी चार दिवस गप्प बसलो, तीही चूकच. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला लगेच फोन करा, पैसे पुढे सरकायच्या आत. पोलीस ठाण्यात तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा साहेब नव्हते. दुसऱ्यांदा म्हणाले, माल मिळालाय ना, मग फसवणूक कसली, हे दिवाणी प्रकरण. मी काळी पडलेली एलईडी आणि पत्रा टेबलावर ठेवला, तर "हे इथून उचला." तिसऱ्यांदा म्हणे, धंद्यासाठी घेतलंत, तुम्ही ग्राहकही नाही. अर्ज घेतला, पण पोच देईनात. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकलात. दगड आला असता तरी हेच म्हणाले असते का? माझी दिवसाची मजुरी बुडते, एसटीचं तिकीट माझं, आणि वर ऐकून घ्यायचं मीच?

धंद्याचं ते म्हणणंही चूक निघालं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या मालाला संरक्षण आहे. तक्रार आपल्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, आणि ५ लाखांपर्यंत फी नाही. मी ती दाखल केली आहे.

२९,७८० रुपये गेले. बागायतदारांचे ६,००० परत केले ते वेगळे. त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे आणि मला दाखवला होता तोच जाड हीटसिंकचा फोटो तो आता रत्नागिरीकडे फिरवतोय. तुमच्याकडे आला असेल तर बिल्टी मिळाल्यावर आधी वजन वाचा, नमुन्याच्या वजनाला मागवलेल्या सेटच्या संख्येने गुणा, आणि मगच पिन टाका.