१,२९,८०० रुपयांची फरशी

२०२४ च्या श्रावणात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे सत्यनारायण होता. प्रसाद घ्यायला खाली बसले आणि लक्ष फरशीकडे गेलं. तीच दोन बाय चारची मोठी टाइल, तीच करडी रेघ, तीच चकाकी. मी सहज विचारलं, "काकू, तुम्हीही अपग्रेड घेतलं होतं का?" काकू म्हणाल्या, "कसलं अपग्रेड गं? आम्हाला अशीच मिळाली. सगळ्यांना हीच आहे की."

हातातला शिरा तसाच राहिला. त्या फरशीचे आम्ही १,२९,८०० रुपये जास्तीचे मोजले होते.

आता पहिल्यापासून सांगते. पुण्यात, वाकडच्या पुढे, २०२१ च्या दसऱ्याला आम्ही टू बीएचके बुक केला. बिल्डरचं नाव लिहीत नाही. ते महत्त्वाचंही नाही, कारण नंतर ज्यांच्या-ज्यांच्याशी बोलले त्यांच्यापैकी निम्म्यांनी आपापल्या बिल्डरबद्दल हीच गोष्ट सांगितली. सॅम्पल फ्लॅट पाहून भुललो, हे कबूल. खोल्यांना दारं नव्हती, छतात दिवेच दिवे, बेडरूममधला पलंग नेहमीपेक्षा आखूड. आमचा पलंग आत आल्यावर कपाटाचं दार अर्धंच उघडतं हे पझेशननंतर कळलं. पण तो आमचा वेंधळेपणा, मेजर टेप न्यायला हवी होती.

सॅम्पल फ्लॅटमधून बाहेर पडताना सेल्सच्या मुलाने एक गुळगुळीत कागद पुढे केला. वर सोनेरी अक्षरांत पॅकेजचं नाव. "मॅम, तुम्ही आत जे पाहिलंत ते या पॅकेजमध्ये आहे. साध्या फ्लॅटमध्ये टू बाय टूची टाइल आणि काळा ग्रॅनाइट ओटा येतो." म्हणजे अर्धा तास आम्ही जे घर पाहून हरखलो होतो, ते विकायला नव्हतंच. सॅम्पल फ्लॅटच्या दाराशी मुंगीएवढ्या अक्षरांत तशी पाटीही होती. निघताना दिसली.

यादी अशी होती. टाइल्स १,१०,०००. ओट्याला ग्रॅनाइटऐवजी क्वार्ट्झ, ७२,०००. दोन्ही बाथरूमचे भारी नळ आणि शॉवर, ४८,०००. खिडक्यांना मच्छरजाळीचा तिसरा ट्रॅक, ३६,०००. हॉलला फॉल्स सीलिंग, ३३,०००. जास्तीचे १४ इलेक्ट्रिक पॉइंट, प्रत्येकी १,८०० प्रमाणे २५,२००. एकूण ३,२४,२००. आम्ही मान डोलावली. चार दिवसांनी बिल आलं ते ३,८२,५५६ चं. फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी लागतो, तोच डोक्यात होता. या कामावर १८ टक्के लागला, म्हणून टाइल्सचेच १,१०,००० चे १,२९,८०० झाले. "टॅक्स एक्स्ट्रा लिहिलंय ना मॅम," तो म्हणाला. लिहिलं होतं, खरंच.

घाई कशाची, तर "स्लॅब पडायच्या आधी फायनल करावं लागतं." आज हसू येतं. स्लॅबमध्ये जातात त्या पंख्याच्या आणि छतातल्या दिव्यांच्या पाइप. फरशी, नळ, ओट्याचा दगड यांचा स्लॅबशी काडीचा संबंध नाही. आमच्या मजल्यावर फरशी बसली ती सव्वादोन वर्षांनी. पण त्या दिवशी नवरा म्हणाला, "आत्ताच करून टाकू, नंतर तोडफोड नको." मलाही तेच वाटत होतं. गृहकर्जात हे पैसे बसेनात, कारण बँक कराराची किंमत पाहते आणि ही रक्कम करारात नव्हती. शेवटी सासूबाईंनी त्यांची एफडी मोडली. माझा राग आहे तो त्यासाठी जास्त.

पावतीवर बिल्डरचं नाव नव्हतं. वेगळीच कॉन्ट्रॅक्टर फर्म, पत्ता मात्र त्याच ऑफिसचा, मजलाही तोच. विचारलं तर उत्तर, "आमचीच सिस्टर कन्सर्न आहे, अकाउंटिंगसाठी." आम्ही ऐकून घेतलं. इथेच खरी गोम होती. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा, त्याच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत कराराशिवाय बिल्डरला फ्लॅटच्या किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तो नियम त्यांनी कसोशीने पाळला. अपग्रेडची निम्मी रक्कम मात्र बुकिंगच्याच आठवड्यात घेतली, कारण ती घेणारे कागदावर "ते", म्हणजे बिल्डर, नव्हतेच.

काकूंकडून आले त्या रात्री मी सगळे कागद काढले. टाइल्सच्या ओळीत दर होता ११० रुपये चौरस फूट, क्षेत्रफळ १,०००. आमचा रेरा कार्पेट, म्हणजे घराच्या आतलं क्षेत्रफळ, ७२२ आहे! १,००० हा त्यांचा सेलेबल एरिया, म्हणजे त्यात जिना, लिफ्ट, लॉबी यांचा वाटा. जिन्यातल्या फरशीचेही पैसे मी माझ्या अपग्रेडमध्ये दिले होते. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन घर मोजलं. कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरलेली असते, ती आणि दोन बाथरूम वजा केल्यावर मोठी टाइल बसलेली जागा भरली ५९६ चौरस फूट. स्कर्टिंग (भिंतीच्या पायथ्याची पट्टी) आणि तूटफूट धरून ७०० म्हणू.

मग पिंपरीतल्या एका टाइल्सच्या दुकानात गेले. साधी टू बाय टू ४८ रुपये फूट, आमच्यासारखी दोन बाय चार ८० रुपये. फरक ३२ रुपये. ७०० ने गुणलं की २२,४००. साधी टाइल आणि ती बसवायची मजुरी फ्लॅटच्या किमतीत आधीच होती, म्हणजे मी फक्त फरक द्यायला हवा होता. मी भारी टाइलची पूर्ण किंमत वर नफा चढवून दिली, आणि माझ्या वाट्याची साधी टाइल त्यांनी वजाच केली नाही. नळांचं तेच, ओट्याचं तेच. माझ्या वाट्याचा तो काळा ग्रॅनाइट कुठे गेला, असं मी ऑफिसात विचारलं तेव्हा मॅनेजर नुसता हसला.

आणि काकूंना फुकट कशी मिळाली? मधल्या काळात विक्री मंदावली, तेव्हा बिल्डरने तीच टाइल सगळ्या बिल्डिंगला देऊन टाकली. एकच माल घाऊक घेणं त्याला सोयीचंही पडलं असणार. "तुम्ही घेतलं तेव्हा ते अपग्रेडच होतं मॅडम," हे त्यांचं उत्तर. आम्हाला कुणी कळवलं नाही. कशाला कळवतील?

त्यात हॉलमधल्या ११ टाइल्स पोकळ निघाल्या. नाण्याने ठोकलं की पोकळ टाइलचा आवाज लगेच वेगळा येतो. पझेशनच्या दिवशी खिशात एक नाणं ठेवून प्रत्येक टाइल ठोका, कुणी हसलं तरी. आम्ही तक्रार केली तर बिल्डर म्हणे हे काम आमचं नाही, आणि कॉन्ट्रॅक्टर फर्मचा फोन बंद. रेराच्या कलम १४(३) मध्ये ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत निघालेला दोष ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायची जबाबदारी बिल्डरची आहे. पण त्यातल्या शब्दांकडे आमच्या वकीलबाईंनी बोट दाखवलं: विक्री कराराप्रमाणे असलेल्या बिल्डरच्या जबाबदाऱ्या. आमच्या नोंदणीकृत करारात साधी टाइल लिहिलेली, घरात बसली दुसरी, आणि तिचे पैसे गेले तिसऱ्याच्या खात्यात. "भांडता येईल," त्या म्हणाल्या, "पण तुमचाच कागद तुमच्या आड येईल." शेवटी ९,००० देऊन आम्हीच मिस्त्री बोलावला.

सगळंच वाया गेलं असं नाही. इलेक्ट्रिक पॉइंट महाग पडले, तरी भिंती फोडाव्या लागल्या नाहीत. एसीच्या पाण्याचा पाइप, भिंतीतलं वायरिंग, लपवलेलं प्लंबिंग ही कामं बिल्डरकडूनच करून घ्यावीत, असं माझं आजही मत आहे. मच्छरजाळीबद्दलही तक्रार नाही. जे वरून बसतं ते मात्र नंतर बाहेरून करा. आमच्यासारखंच फॉल्स सीलिंग माझ्या बहिणीने तिच्या घरी आमच्याहून बऱ्याच कमीत करून घेतलं.

आणि घ्यायचंच असेल तर वस्तूचा प्रकार, माप, दर, नेमकं किती चौरस फूट, साध्या वस्तूची किती वजावट, हे सगळं नोंदणीकृत कराराच्या परिशिष्टात लिहून घ्या, पैसे करारात ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात. साध्या फ्लॅटमध्ये काय काय येतं हे बुकिंगच्या आधीच कळू शकतं, महारेराच्या (रेरा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या) साइटवर प्रोजेक्टच्या कराराचा मसुदा टाकलेला असतो. आम्ही तो पाहिला फरशी बसल्यावर. सॅम्पल फ्लॅट दाखवून दिशाभूल झाली तर कलम १२ मध्ये भरपाईची तरतूद आहे. पण आत शिरताना त्या बारीक पाटीचा फोटो काढून ठेवा, आणि सेल्सवाला जे तोंडी सांगतो ते त्याच संध्याकाळी ईमेलवर लिहून पाठवा.

आम्ही महारेराकडे गेलो नाही. मुलाची दहावी होती, नवऱ्याची बदली चालली होती. रजिस्टर पत्र, तीन मीटिंगा आणि सोसायटीच्या ग्रुपवर एकदा सगळे आकडे टाकल्यावर बिल्डरने ४५,००० रुपये पुढच्या मेंटेनन्समध्ये वळते करून दिले. सोबत एक कागद आला, "आमची कोणतीही तक्रार उरलेली नाही." मी त्यावर "टाइल्सच्या रकमेपुरती" असं पेनाने घातलं आणि मग सही केली. मॅनेजरने कागद दोनदा वाचला.

उरलेल्या टाइल्सचा खोका ड्राय बाल्कनीत पडून होता. मागच्या महिन्यात काकूंच्या हातून कुकर पडून त्यांची एक टाइल तडकली, तेव्हा खोक्यातली काढून त्यांना दिली. मिस्त्रीने बसवली. कुठली नवी, कुठली जुनी, ओळखू येत नाही.