बॉनेट उघडायला बॅटरी लागते, बॅटरी बॉनेटखाली असते: अकरा महिन्यांचा अनुभव

गाडीचे आकडे इथे देत नाही. ही गाडी घ्यायचं ज्याच्या मनात येतं त्याला ते पाठच असतात. मला तर घ्यायच्या सहा वर्षं आधीपासून होते. ओळखीपुरतं सांगतो: सेकंडहँड, दोन दारं, इंजिन पाठीमागे, सामान पुढे, गिअरबॉक्स ड्युअल क्लच, म्हणजे क्लचचं पायडल नाही, गिअर गाडीच बदलते. कंपनीचं नाव घेणार नाही, कारण पुढे मी बरंच बोलणार आहे. अकरा महिन्यांत ६,२०० किलोमीटर झाले. त्यातले शेवटचे दोनेक हजार निव्वळ बॅटरीच्या भीतीने झाले आहेत.

तिसऱ्या महिन्यात मी १९ दिवस बाहेरगावी होतो. परत आलो, रिमोट दाबला, गाडी हूं की चूं करेना. रिमोटच्या पोटात एक पत्र्याची चावी असते, तिने दार उघडलं. म्हटलं बॅटरी उतरली असेल, दुसऱ्या गाडीवरून जोडू, पाच मिनिटांचं काम. बॅटरी पुढच्या बॉनेटखाली. बॉनेट उघडायला साध्या गाडीत एक खटका असतो, तो ओढला की तार ताणली जाते आणि लॅच सुटतं. इथे खटका नाही, बटण आहे. बटण विजेवर चालतं आणि वीज बॅटरीत असते.

हे मी पुन्हा लिहितो, कारण मला स्वतःला पटायला दोन दिवस लागले. बॉनेट उघडायला बॅटरी लागते आणि बॅटरी बॉनेटखाली असते. एवढी हुशार माणसं वाऱ्याच्या बोगद्यात आरशाच्या कडा घासत बसली, आणि त्यांच्यातल्या एकालाही हे सुचलं नाही?

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. पलीकडचा मुलगा अतिशय नम्र.

"सर, गाडी उचलून आणावी लागेल. लॅच असेंब्ली बदलावी लागेल."

"लॅचला काय झालंय?"

"उघडत नाहीये ना, सर."

"त्याला करंट मिळत नाहीये म्हणून उघडत नाहीये."

"हो सर. म्हणूनच बदलावी लागेल."

मग त्याने नवी बॅटरी, तिची गाडीत नोंद करण्याचं कोडिंग आणि गाडी वाहून आणण्याचा खर्च मिळून जो आकडा सांगितला, तो ऐकून मी फोन खाली ठेवला आणि मालकांच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'बॅटरी उतरली, बॉनेट बंद, काय करू?' एवढंच लिहिलं. तोवर मी या ग्रुपवर कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या संध्याकाळी मला गाडीबद्दल काहीही कळलं नाही, मालकांबद्दल मात्र सगळं कळलं.

पहिलं उत्तर आलं ते एका पुजाऱ्याचं. पुजारी म्हणजे गाडी चालवण्यापेक्षा धुण्यात ज्याचा जीव रमतो तो. फोटोत माझा पंजा बॉनेटवर टेकलेला दिसत होता. त्याने लिहिलं, 'आधी हात काढा. कोरड्या धुळीवर हात घासला की रंगावर जाळी उमटते.' बॅटरीबद्दल चकार शब्द नाही. याच्याकडे धुण्याच्या दोन बादल्या असतात, एक साबणाची आणि एक फडकं खळबळायची, दोन्हींच्या तळाशी खडे अडवणारी जाळी. रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायचं यंत्रही असतं. पाऊस येणार असं कळलं की तो गाडी काढत नाही आणि पाऊस पडून गेला की रस्ता ओला म्हणून काढत नाही.

दुसरा आकडेवाला. त्याने सुचवलं की या निमित्ताने लिथियमची बॅटरी बसवा, दहा किलो वाचतील. याने वजन कमी करायला जॅक, पायपुसणी आणि मागचा पडदा काढून घरी ठेवला आहे, पण टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर कायम सोबत असतो आणि त्याचं वजन त्याने कधी केलेलं नाही. शून्य ते शंभर ४.१ सेकंदांत की ३.९ यावरून ग्रुपमधल्या दोघांचं बोलणं बंद आहे. मी हिशेब केला: शंभरच्या वेगात ०.२ सेकंदात गाडी साडेपाच मीटर जाते. म्हणजे एका गाडीच्या लांबीहून थोडी जास्त. मैत्री गेली ती तेवढ्यावरून.

मग हातगिअरवाले जागे झाले. 'म्हणून सांगत होतो मॅन्युअल घ्या. ढकलली असती आणि दुसऱ्यात टाकून क्लच सोडला असता.' मी उलट लिहिलं की बॅटरी पार मेल्यावर पेट्रोल पंप आणि इंजिनाचा कॉम्प्युटर कशावर चालणार, नुसतं ढकलून काय होतं? त्यावर उत्तर आलं, 'तरी पण मॅन्युअल ती मॅन्युअल.' यांच्यापुढे वाद संपतो. तीन पायडल ही त्यांच्या लेखी मुंज आहे. ज्याची झाली नाही त्याला पंगतीत घेत नाहीत.

आवाजवाल्याने माझ्या प्रश्नाखाली स्वतःची गाडी थंडीत सुरू होतानाचा व्हिडिओ टाकला. का, ते त्यालाच ठाऊक. बहुधा जखमेवर मीठ म्हणून. हा माणूस बोगदा दिसला की खिडक्या खाली करतो, बाहेर पडल्यावर वळून परत बोगद्यात जातो. २०११ च्या बीएमडब्ल्यू एम फाइव्हमध्ये इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडला होता, ती गोष्ट तो अजून घरात कुणी फसवल्यासारखी सांगतो. लेक्ससच्या एलएफएचं नाव निघालं की मात्र डोळे ओले होतात: यामाहाने आवाज सुरात लावलेलं व्ही टेन इंजिन, फेरे इतक्या झपाट्याने चढायचे की काट्याला ते गाठता येईनात म्हणून डिजिटल मीटर बसवावा लागला. हे मी त्याच्या तोंडून सात वेळा ऐकलं आहे, आणि खरं सांगायचं तर आठव्यांदाही ऐकेन.

सगळ्यात वरताण गुंतवणूकदार. त्याने मला अभिनंदन कळवलं. १९ दिवस गाडी जागची हलली नाही म्हणजे १९ दिवस किंमत राखली. त्याचं दैवत मॅकलॅरेन एफ वन: सगळ्या मिळून १०६ बनल्या, चालकाची सीट मधोमध, इंजिनाच्या खोलीला उष्णता परतवायला सोन्याचा वर्ख. यातला सोन्याचा भाग त्याला विशेष समजतो. त्याची गाडी पुढे एकदा जवळून पाहिली. टायरवर नव्या रबराचे केस अजून तसेच. बाजूला चार आकडी शिक्का होता, ३४१७, म्हणजे २०१७ च्या चौतिसाव्या आठवड्यातला माल. रबर न वापरताही कडक होत जातं. त्या टायरांवर जोरात ब्रेक मारायला मी धजणार नाही. तोही धजणार नाही म्हणा, तो गाडीच काढत नाही.

असे चाळीस-बेचाळीस मेसेज झाले. एकात मला कवितेची ओळ आली, एकात गाडी विकणार का अशी विचारणा आली (हाही एक प्रकारच आहे, गिधाड म्हणतात त्याला). कामाचं उत्तर एकच, रात्री साडेदहाला. 'फ्यूज बॉक्स उघड. लाल टोक बाहेर ओढता येतं बघ. हात लावू नकोस, सकाळी येतो.'

हे काका सत्तरीच्या आसपासचे. त्यांच्या गाडीच्या नाकावर खड्यांनी पाडलेले इतके टवके की पुजारी तिच्याकडे पाहत नाहीत, नजर वळवतात. मीटरवर २,४०,००० किलोमीटर. त्यांनी डिकीतून, म्हणजे पुढूनच, एक छोटी बॅटरी आणि चिमट्याच्या दोन वायरी काढल्या. चालकाच्या पायाशी फ्यूज बॉक्स, त्यातलं लाल टोक ओढलं, त्याला प्लस. मायनस दाराच्या चौकटीतल्या उघड्या लोखंडी कडीला. जोडताक्षणी भोंगा बोंबलायला लागला, कारण दार चावीने उघडलेलं आणि गाडीच्या मते मी चोर. काकांनी शांतपणे रिमोट दाबला, भोंगा थांबला, बटण दाबलं, टक्, बॉनेट उघडलं. चार मिनिटं. लॅच असेंब्ली ठणठणीत.

मग त्यांनी विचारलं, "चावी कुठे ठेवतोस रे?"

मी भिंतीवरचा खिळा दाखवला. गाडीच्या दारापासून हातभर.

"मग ती झोपणार कशी? रात्रभर ऐकत बसते, मालक आला का म्हणून."

इथे मला माझं मत बदलावं लागलं. कीलेस गाडीला, म्हणजे चावी नुसती जवळ असली तरी ओळखणाऱ्या गाडीला, चावीची चाहूल लागत राहिली की तिचे कॉम्प्युटर पुरते झोपत नाहीत. मी मीटर लावून पाहिलं. चावी खिळ्यावर असताना सरासरी १२० मिलिअँपिअर जात होते, म्हणजे दिवसाला जवळजवळ २.९ अँपिअर-तास. १९ दिवसांत ५५. बॅटरी ७० ची. सुरू होण्याची आशाच नव्हती. चावी घरात आत नेली तर ३० मिलिअँपिअर. त्या हिशेबाने बॅटरी अर्ध्यावर यायला दीड महिना लागतो. तेव्हा बॅटरी उतरण्याचा दोष निम्म्याहून जास्त माझा, हे मान्य. बॉनेटचा दोष मात्र मी कुणालाही माफ केलेला नाही. एक साधी तार, बंपरच्या आत लपवलेली, एवढंच मागणं होतं.

तार त्यांनी दिली नाही, मग मीच काढली. बॅटरीला कायमची जोडायची एक पिगटेल वायर मिळते, फ्यूजसकट. तिचं टोक मी पुढच्या जाळीतून बोटभर बाहेर आणलंय. तिथे छोटा चार्जर लागतो, तोच बॅटरीला जिवंत ठेवतो, आणि बॅटरी पार उतरली तरी त्याच टोकातून बटणापुरती वीज आत सोडता येते. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या आकड्यापुढे चार्जर आणि वायर मिळून चिल्लर. पुजाऱ्याने ते टोक पाहिलं तेव्हा दाढीला हात लावून विनवलं, 'काढा हो ते.' नाही काढणार.

सर्व्हिस सेंटरशी दुसरी चकमक वार्षिक सर्व्हिसच्या वेळी झाली. बिलात एक ओळ: बॉनेट लॅच तपासणी. विचारलं, काय तपासलंत? उघडून बघितलं, बंद करून बघितलं. मी म्हटलं, हे मी रोज करतो, मला कुणी पैसे देत नाही. चाळीस मिनिटं काउंटरवर उभा होतो. ओळ खोडली. त्या दिवशी गाडी घरी आणताना जो आनंद झाला तो पहिल्या दिवशीही झाला नव्हता.

आता गाडीबद्दल, थोडक्यात. सीट उत्तम, पाठ दुखत नाही. उतारावरच्या पार्किंगमधून निघताना नाक घासतं, तिरकी घालावी लागते. मागचे टायर पुढच्यांच्या दुप्पट वेगाने झिजतात आणि रुंदी वेगळी असल्यामुळे पुढे-मागे अदलाबदल होत नाही, हे घेताना लक्षात ठेवा. मागचं दिसत नाही. पण लॅम्बोर्गिनी काउंटाशवाले रिव्हर्स घेताना दार वर करून उंबऱ्यावर बसायचे, त्यापुढे माझा त्रास किरकोळ. स्टीअरिंगबद्दल लिहायला बसलो तर आवाजवाल्यासारखी गत होईल. पहाटे मोकळ्या वळणांच्या रस्त्यावर ती जे सांगते ते फक्त तळहातांना कळतं, इतकंच म्हणतो.

ग्रुपची रविवारची फेरीही एकदा केली. चाळीस किलोमीटर जायचं होतं. निघायच्या जागी दीड तास गेला: पुजारी फडकं फिरवत होता, आकडेवाला हवा मोजत होता, गुंतवणूकदार दुसऱ्या गाडीने आला होता. निघाल्यावर प्रत्येकजण आरशात स्वतःच्या मागच्या गाडीचं नाक बघत चालवत होता. पोचल्यावर सगळे गाड्या लावून चालू लागले आणि दहा पावलांवर सगळेच्या सगळे मागे वळून पाहायला थांबले. मीसुद्धा. काका तेवढे थांबले नाहीत. ते गाडीला कुलूपसुद्धा लावत नव्हते.

मी कोणत्या जातीत बसतो हे मला ग्रुपनेच सांगितलं. माझं नाव 'व्होल्टकाका' पडलंय, वय चौरेचाळीस असून. कारण मी रोज सकाळी बॅटरीचा दाब वहीत लिहितो. आज १२.६ व्होल्ट. परवा १२.४ दिसला तर मी कारण नसताना पन्नास किलोमीटर फिरून आलो. चार्जर जोडता आला असता, पण त्याला भिंतीतली वीज लागते आणि तिचं बिल मला येतं. (पेट्रोलचा हिशेब बायकोने करून दाखवला आहे. तो इथे देत नाही.)

ही गाडी बघायला जाल तेव्हा रंग, टायर, सर्व्हिसची कागदपत्रं सगळे बघतात, तुम्हीही बघा. पण आधी मालकाला विचारा की चावी कुठे टांगता. माझ्या आधीच्या मालकाने मला गाडीशेजारचा खिळा मोठ्या कौतुकाने दाखवला होता, 'इथे ठेवतो, म्हणजे हरवत नाही.' मी घरी येऊन तसाच खिळा ठोकला. त्याने खिळा दाखवला तेव्हाच बॅटरीचे पैसे कापून मागायला हवे होते. तुम्ही मागा.