ग्लुकोज बांधायचं कशानं: वाटाणे की किट?

अकरावीला जैवरेणू शिकवताना ग्लुकोजच्या रेणूची प्रतिकृती करायला दोन्ही वापरून पाहिलंय: कडधान्यं आणि रंगीत गोळ्या-काड्यांचं तयार किट. स्वस्तातला मार्ग म्हणजे रात्रभर भिजवलेली कडधान्यं आणि टूथपिक. एका ग्लुकोजला 24 अणू लागतात: 6 कार्बन, 12 हायड्रोजन, 6 ऑक्सिजन. कार्बनला छोले, ऑक्सिजनला राजमा, हायड्रोजनला वाटाणे. अख्ख्या वर्गाचं काम पाव-पाव किलोत भागतं. पण छोल्याला टूथपिक कुठेही आणि कितीही टोचता येते. एका गटानं कार्बनला चाराऐवजी पाच बंध दिले आणि तो रेणू दिमाखात बाकावर उभा!

किटमध्ये ही सोयच नाही. काळ्या गोळीला (कार्बन) भोकं चारच, लालला (ऑक्सिजन) दोन, पांढरीला (हायड्रोजन) एक. चार भोकांमधला कोन 109.5 अंशांचा, त्यामुळे पाच कार्बन आणि एका ऑक्सिजनचं कडं आपोआप वर-खाली वाकतं. फळ्यावरचा सपाट षटकोन ही चित्रापुरती सोय, हे बोटांना कळतं. (रसायनशास्त्रज्ञ हॉफमननं 1865 मध्ये लंडनला क्रोके या खेळाचे चेंडू वापरून असेच रेणू दाखवले होते, रंगही हेच, त्याचा मिथेन मात्र सपाट होता.) मग दोन ग्लुकोज जोडून माल्टोज ही साखर करायला सांगा. एकाचा ओएच, दुसऱ्याचा एच सुटतो आणि मुलांच्या तळहातावर पाण्याचा रेणू उरतो.

किट महाग, पांढऱ्या गोळ्या हरवतात. तरी बंध आणि आकार शिकवायला मी तेच घेईन. स्टार्चची, म्हणजे अनेक ग्लुकोजची, लांब साखळी करायची तर एक ग्लुकोज म्हणजे एक वाटाणा; तिथे किट पुरत नाही. फक्त वाटाणे त्याच दिवशी टाका, दुसऱ्या दिवशी वासानं प्रयोगशाळेत थांबवत नाही.